तिसऱ्या रात्रीचा वात

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, असे सर्जनने बाहेर येऊन सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मोडलेले हाड जोडले गेले, आतड्याला पडलेले छिद्र शिवले गेले, आता आठ-दहा दिवसांत माणूस घरी येणार, असा हिशेब मनात मांडला जातो. पहिला दिवस भुलीच्या गुंगीत जातो. दुसऱ्या दिवशी रुग्णाचे हात थोडे थरथरतात, अंगाला घाम सुटतो, झोप लागत नाही. ते सारे शस्त्रक्रियेच्या दुखण्यावर घातले जाते. तिसऱ्या रात्री मात्र तोच रुग्ण एकाएकी उठून बसतो, भिंतीवर किडे चालताना पाहतो, सलाइनची नळी उपसून काढतो, उशाशी बसलेल्या पत्नीला ओळखत नाही आणि वॉर्डालाच आपला कारखाना समजून अदृश्य सहकाऱ्यांना हुकूम सोडू लागतो. वॉर्डात पळापळ होते. कोणी म्हणते भूल जास्त झाली, कोणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला, कोणी हलक्या आवाजात बाहेरच्या बाधेचा विषय काढते. अखेर हातपाय पट्ट्यांनी कॉटला बांधले जातात, झोपेचे एखादे इंजेक्शन दिले जाते आणि सकाळची वाट पाहिली जाते. मोठ्या रुग्णालयाच्या अस्थिरोग वा शल्यचिकित्सा विभागात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही परिचारिकेला हे दृश्य अपरिचित नाही.

या सगळ्या गडबडीत एका शब्दाचा उच्चार बहुधा सर्वांत शेवटी होतो. तो शब्द म्हणजे दारू. रुग्ण गेली पंधरा वर्षे रोज पीत होता, हे पत्नीला ठाऊक असते, भावाला ठाऊक असते, कित्येकदा कार्यालयातील सहकाऱ्यांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. ज्या एका माहितीने ती तिसरी रात्र टळू शकली असती, ती माहिती रुग्णालयाच्या दारातच अडून राहते. असे का घडते, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात जितके आहे, तितकेच ते आपल्या सामाजिक आणि आर्थिक व्यवहारात आहे.

वात म्हणजे वेड नव्हे

तापात माणूस बडबडू लागला की आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणत. जुन्या वैद्यांच्या भाषेत तो सन्निपात. आधुनिक वैद्यक त्याला डेलिरियम म्हणते. ही अवस्था अकस्मात येते, दिवसभरात कमीजास्त होते, रात्री बळावते, आणि तीत लक्ष एकाग्र करण्याची शक्तीच हरपते. ती वेड नव्हे आणि म्हातारचळही नव्हे. शरीरात अन्यत्र काही बिघडल्याची ती मेंदूने दिलेली वर्दी होय. जंतुसंसर्ग, प्राणवायूची वा साखरेची कमतरता, रक्तातील क्षारांचा असमतोल, तुंबलेली लघवी, न शमलेली वेदना, यांपैकी कोणत्याही कारणाने शस्त्रक्रियेनंतर ती उद्भवू शकते. आणि ती दर वेळी आरडाओरड्यानेच प्रकट होते असे नाही. भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिलेला, विचारले तरच एखादा शब्द बोलणारा वृद्ध रुग्णही याच अवस्थेत असू शकतो. तो कोणाला त्रास देत नाही म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

व्यसनाधीन रुग्णाच्या बाबतीत या कारणांत आणखी एकाची भर पडते. नित्य पिणाऱ्याच्या मेंदूला मद्याच्या मंदावणाऱ्या प्रभावाची सवय झालेली असते, आणि त्या प्रभावाला तोंड देण्यासाठी मेंदूने आपली उत्तेजना कायमची वाढवून ठेवलेली असते. उताराच्या रस्त्यावर ब्रेकवर पाय दाबून ठेवलेली आणि त्याच वेळी इंजिनही जोरात चालू असलेली गाडी असावी, तशी ही स्थिती. अपघात होतो, माणूस रुग्णालयात येतो, दारू बंद होते. म्हणजे ब्रेकवरील पाय एकदम निघतो. सहा ते चोवीस तासांत कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. साधारणपणे दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत, काही थोड्या रुग्णांत, खरा वात होतो. शस्त्रक्रियेचा दिवस आणि दारू सुटल्याचा दिवस बहुधा एकच असल्यामुळे दोहोंचे हिशेब एकमेकांत मिसळतात, आणि तिसऱ्या रात्रीचा दोष शस्त्रक्रियेच्या माथी जातो.

दीडशे वर्षांचा वाद

हा वात दारू पिण्यामुळे होतो की ती सुटल्यामुळे, या प्रश्नाने वैद्यकाला दीर्घ काळ चकवले. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ मध्ये या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’, म्हणजे कंपयुक्त वात, असे नाव दिले. तो मेंदूच्या दाहाहून वेगळा आहे, आणि रक्त काढण्याच्या तत्कालीन उपचाराने तो वाढतो, हे त्याने दाखवून दिले. पण कारणाचा उलगडा व्हायला १९५५ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथील हॅरिस इझबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या दहा जणांना उत्तम आहार आणि जीवनसत्त्वे चालू ठेवून दीर्घ काळ मद्य दिले गेले आणि मग ते एकाएकी थांबवले गेले. जे सर्वाधिक काळ प्यायले होते त्यांच्यापैकी काहींना फेफरे आले, काहींना वात झाला. कुपोषण हे त्याचे एकमेव कारण नाही, मद्य एकाएकी तुटणे हेच मूळ आहे, हे त्यातून सिद्ध झाले. बंदिवासातील व्यसनी माणसांवर केलेला असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. तथापि त्यांनी सोसलेल्या यातनांचा लाभ आजच्या प्रत्येक रुग्णाला मिळायला हवा, एवढी तरी अपेक्षा आपण बाळगली पाहिजे.

पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५३७ रुग्णांची पाच गटांत विभागणी करून निरनिराळ्या औषधांची तुलना करण्यात आली. क्लोरडायझेपॉक्साइड हे त्या वेळी नवे असलेले औषध वात आणि फेफरे दोन्ही टाळण्यात सर्वांत सरस ठरले. उपचारांच्या अभावी या वाताने एके काळी तीन रुग्णांपैकी सुमारे एकाचा बळी जाई. वेळेवर ओळखून उपचार केल्यास आज हे प्रमाण शंभरात पाचांहून कमी आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि देशात बनतात. उणीव आहे ती योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याची, आणि त्याचे खरे उत्तर मिळण्याची.

एकाला औषध, दुसऱ्याला विष

या खऱ्या उत्तराला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी उपचारांतील एक पेच ध्यानात घ्यावा लागतो. डायझेपाम, लोरॅझेपाम या गटातील औषधे शस्त्रक्रियेनंतरच्या सामान्य वातात, विशेषतः वृद्धांत, शक्यतो देऊ नयेत असे शास्त्र सांगते. कारण त्यांनी संभ्रम वाढतो. परंतु दारू किंवा झोपेच्या गोळ्या तुटल्यामुळे झालेल्या वातात हीच औषधे प्रमुख आधार ठरतात. उलट, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला शांत करण्यासाठी सर्रास दिले जाणारे हॅलोपेरिडॉलसारखे औषध दारू सुटलेल्या रुग्णाला एकटेच दिले, तर फेफऱ्याचा धोका वाढू शकतो. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. दोघेही नळ्या उपसतात, दोघेही माणसे ओळखत नाहीत. फरक असतो तो मागच्या इतिहासात. तो इतिहास लपवला गेला तर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने अंधारात तीर मारण्याखेरीज काय करावे?

हीच गोष्ट बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा जवळजवळ संपलेला असतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये आणि सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून वर्णन केलेले मेंदूचे विकार याच अभावाशी निगडित आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. अशा रुग्णाला थायामिन न देता ग्लुकोजच्या बाटल्या चढत राहिल्या तर उरलासुरला साठाही खर्ची पडतो, आणि स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चापुढे थायामिनच्या इंजेक्शनची किंमत नगण्य आहे. हिशेबाच्या कोणत्याही नियमाने पाहिले तरी इतक्या थोड्या खर्चात इतके मोठे नुकसान टाळणारे उपाय वैद्यकात फार थोडे सापडतील.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाची तऱ्हा आणखी वेगळी. ब्राऊन शुगर तुटल्यावर होणाऱ्या यातनांना मुंबईच्या रस्त्यावर ‘टर्की’ म्हणतात; अनिल अवचटांनी आपल्या ‘गर्द’ या पुस्तकातून हे जग मराठी वाचकांपुढे मांडले, आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. या यातना भयंकर असल्या तरी केवळ त्यांनी सहसा वात होत नाही. येथे धोका उलट्या बाजूचा असतो. ‘हा गर्दुल्ला आहे, दुखण्याचे निमित्त करून नशा मागतो आहे’, असा संशय येऊन शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशामकच आखडते घेतले जाते. वस्तुतः ज्याच्या शरीराला अफूची सवय आहे, त्याला वेदना शमवण्यासाठी नेहमीची मात्रा अपुरी पडते. न शमलेली वेदना आणि जागून काढलेल्या रात्री मग स्वतःच वाताला आमंत्रण देतात. व्यसनमुक्तीसाठी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाचे ते औषध शस्त्रक्रियेच्या काळात शक्यतो चालूच ठेवावे, असा आज तज्ज्ञांचा कल आहे. ते चालू आहे हे भूलतज्ज्ञाला ठाऊक असले तरच हे जमणार.

आणि व्यसन म्हटले की झोपडपट्टी डोळ्यांपुढे आणणाऱ्या सुशिक्षित घरांनी आपल्या औषधांच्या डब्यातही एकदा डोकावून पाहावे. ‘झोप येत नाही’ म्हणून कधी काळी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी दहा-दहा वर्षे घेणारे निवृत्त शिक्षक आणि गृहिणी पांढरपेशा वस्तीत थोडे नाहीत. ते स्वतःला व्यसनी मानत नाहीत, आणि नैतिक अर्थाने ते नसतीलही. पण मोतीबिंदूच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी गोळ्यांची यादी सांगताना रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी आठवते आणि रात्रीची ती एक गोळी राहून जाते. मेंदूला मात्र त्या विस्मृतीची दखल घ्यावीच लागते.

खरे बोलण्याची किंमत

मग रुग्ण खरे का सांगत नाही? त्याला मूर्ख वा खोटारडा ठरवणे सोपे आहे. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याचे वागणे पुरेसे सुसंगत आहे. खरे बोलण्याची किंमत त्याला आज, रोख मोजावी लागते. खरे बोलण्याचा लाभ मात्र दूरचा, अनिश्चित आणि त्याला कोणी समजावून न सांगितलेला असतो. अशा व्यवहारात माणूस गप्प बसतो, यात नवल ते काय?

ही किंमत अनेक परींनी मोजावी लागते. पहिली, अप्रतिष्ठेची. प्रश्न विचारला जातो तो बहुधा भरल्या वॉर्डात, सासरे किंवा मुलगी उभी असताना, आणि ‘दारू पिता का हो?’ अशा दटावणीच्या सुरात. स्त्रियांच्या बाबतीत तर तो विचारलाही जात नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी, मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के आढळले. सुमारे २.७ टक्के लोक मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत असे रुग्ण हा अपवाद नव्हे. अपघात, यकृताचे विकार आणि पोटाच्या तक्रारी याच मंडळींना अधिक रुग्णालयात आणत असल्यामुळे वॉर्डात त्यांचे प्रमाण समाजाहून अधिकच असणार.

दुसरी किंमत कायद्याच्या भीतीची. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. उर्वरित महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यपानासाठी परवाना लागतो. अमली पदार्थांबाबत तर १९८५ च्या कायद्याने सेवन हाच गुन्हा ठरवला आहे. त्याच कायद्यात, स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही आहे; पण शिक्षेचे कलम जितके सर्वतोमुखी झाले, तितके संरक्षणाचे झाले नाही. दारूबंदी असावी की नसावी हा वाद येथे अप्रस्तुत आहे. परंतु बंदीच्या जिल्ह्यातील डॉक्टरने रुग्णाला ‘इथे सांगितलेले इथेच राहील’ असा निःसंदिग्ध विश्वास दिला नाही, तर कायद्याचा हेतू कितीही उदात्त असो, त्याची झळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते.

तिसरी किंमत पैशांची, आणि नोकरदार वर्गाला सर्वाधिक जाणवणारी. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत ज्या गोष्टींना संरक्षण नाही त्यांची प्रमाणित यादी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिली. तीत ‘मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन अथवा कोणतीही व्यसनाधीनता आणि त्यांचे परिणाम’ यांवरील उपचार वगळण्याची मुभा आहे. ‘आणि त्यांचे परिणाम’ हे तीन शब्द फार व्यापक आहेत. केसपेपरवर ‘नित्य मद्यपान’ असे लिहिले गेले तर खुब्याच्या हाडाचा दावाही वादात सापडेल, या धास्तीने नातेवाईक डॉक्टरांना तसे न लिहिण्याची गळ घालतात. तोंडी सांगितलेली गोष्ट मग कागदावर येत नाही; आणि कागदावर नसलेली गोष्ट रात्रपाळीच्या परिचारिकेला कळत नाही. वास्तविक संसदेने २०१७ मध्ये संमत केलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक विकारांच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमासंरक्षण द्यावे असा दंडक विमा कंपन्यांना घातला आहे. एका हाताने कायदा जे देतो ते दुसऱ्या हाताने पॉलिसीचे कलम काढून घेते, ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

‘ज्याचे त्याने भोगावे’

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो सरसकट झिडकारण्यासारखा नाही. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या दुखण्याचा भार न पिणाऱ्या विमाधारकाने आणि करदात्याने का सोसावा? तुटपुंज्या खाटा आणि अपुऱ्या परिचारिका असताना निर्व्यसनी रुग्णांचा वाटा व्यसनी माणसाकडे का वळवावा?

या आक्षेपाला पहिले उत्तर हिशेबाचेच आहे. वात झालेला रुग्ण नळ्या उपसतो, जोडलेले हाड पुन्हा हलवतो, टाके उसवतो, न्यूमोनिया ओढवून घेतो. त्याचा मुक्काम वाढतो, अतिदक्षता विभागातील खाट अडते, दोन परिचारिका त्याच्याभोवती गुंतून पडतात. म्हणजे प्रतिबंध न केल्याने निर्व्यसनी रुग्णांचा वाटा वाचत नाही. तो अधिकच खर्ची पडतो. दुसरे, विम्यातील नैतिक जोखमीचा मुद्दा. संरक्षण मिळाले की माणसे बेफिकीर होतात, हे तत्त्व काही बाबतींत खरे आहे. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वाताला विमा आहे म्हणून कोणी दारूला हात लावील, असे मानणे हा तर्काचा विपर्यास होय. उलट, वगळण्याच्या कलमाने पिणे कमी होत नाही, कमी होते ते फक्त सांगणे. तिसरे उत्तर नीतीचे. मधुमेही माणसाने गोड खाल्ले, हृदयविकाराच्या रुग्णाने तंबाखू सोडली नाही, म्हणून आपण त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. शिवाय मद्यावर उत्पादन शुल्क आकारून राज्य आपली तिजोरी भरते. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतूनही पिण्याचे मद्य बाहेर ठेवले गेले, ते या उत्पन्नावर राज्यांचा हक्क राहावा म्हणूनच. ज्या बाटलीवर सरकार कर घेते, तिच्या ग्राहकाचे दुखणे सरकारला परके कसे मानता येईल?

अर्थात, पिणाऱ्याच्या प्रत्येक वाताचे खापर दारूवर फोडणेही तितकेच घातक आहे. पडल्यामुळे कवटीच्या आत झालेला रक्तस्राव, जखमेतील पू किंवा घसरलेली साखर ‘दारूड्याच आहे’ या शेऱ्याखाली दडून जाऊ शकते. माहिती हवी ती शेरा मारण्यासाठी नव्हे, शोध पुरा करण्यासाठी.

करण्याजोगे पुष्कळ

यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या प्रत्येकाला, मग तो हमाल असो की प्राध्यापक, स्त्री असो की पुरुष, मधुमेह आणि रक्तदाब विचारतो त्याच दमात आणि त्याच निर्विकार सुरात, मद्य, झोपेच्या गोळ्या आणि इतर पदार्थ यांविषयी विचारले जावे. शेवटचे केव्हा घेतले, हेही विचारले जावे. आणि तो प्रश्न एकांतात विचारला जावा. सर्वांनाच विचारला जाणारा प्रश्न कोणाचाच अपमान करत नाही. ज्यांचे उत्तर होकारार्थी येईल त्यांना थायामिन सुरू व्हावे, आणि पहिले चार-पाच दिवस त्यांच्या कंप, घाम, नाडी व अस्वस्थतेची नियमित नोंद ठेवली जावी. दहा लक्षणांना गुण देणारी, परिचारिकेला काही मिनिटांत भरता येईल अशी तपासणीसूची १९८९ पासून उपलब्ध आहे. गुण वाढू लागताच औषधाची मात्रा ठरवता येते. तिसऱ्या रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

औषधांइतकेच महत्त्व साध्या शुश्रूषेचे आहे. रुग्णाला त्याचा चष्मा आणि कानाचे यंत्र द्यावे, दिवसा उजेड आणि रात्री अंधार व शांतता मिळावी, वेळेवर पाणी आणि चालणे-फिरणे व्हावे, ओळखीचा माणूस जवळ असावा. अमेरिकेत शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्ध रुग्णांची अशी काळजी घेतल्याने वाताचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. तो अभ्यास व्यसनी रुग्णांचा नव्हता, आणि दारू तुटल्याच्या वातात केवळ शुश्रूषा पुरत नाही. पण औषधाच्या जोडीला ती हवीच. हातपाय बांधणे हा मात्र सर्वांत अखेरचा, अल्पकाळाचा आणि डोळ्यांदेखतचा उपाय असावा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांत रुग्णाला बांधण्यावर कडक मर्यादा घातल्या आहेत. त्यामागची माणुसकी अस्थिरोग वॉर्डाच्या उंबरठ्यावर थांबण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आणखी एक वाट मोकळी आहे. डेन्मार्कमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभर मद्य वर्ज्य केलेल्यांत ३१ टक्के, तर पिणे चालू ठेवलेल्यांत ७४ टक्के रुग्णांना नंतर गुंतागुंत झाली. अभ्यास ४२ रुग्णांचाच, म्हणून लहान. पण दिशा दाखवणारा. येथे एक सावधगिरी मात्र कुटुंबीयांनी अवश्य पाळावी. शस्त्रक्रिया ठरली म्हणून घरच्या घरी दारू किंवा झोपेची गोळी एकाएकी बंद करणे हे पुण्यकर्म नसून धोक्याचे काम आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, टप्प्याटप्प्याने व्हावे. आणि वॉर्डात वात झालेल्या नातेवाइकाला ‘थोडी दिली की शांत होईल’ म्हणून चोरून घोटभर पाजण्याचा जो उद्योग चालतो, तो तर निखालस बंद झाला पाहिजे.

शेवटचा मुद्दा घरी सोडण्याच्या दिवसाचा. शस्त्रक्रियेची जखम भरली की रुग्णाला निरोप दिला जातो, आणि तो दारातून निघून थेट गुत्त्याकडे वळतो. ज्या आठवड्यात तो सक्तीने का होईना कोरडा राहिला, भेदरला आणि वाचला, तो आठवडा व्यसनमुक्तीच्या दृष्टीने मोलाचा असतो. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशक त्याच खाटेपाशी अर्धा तास येऊन बसला, जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणि भेटीची तारीख केसपेपरवर लिहून दिली, तर शस्त्रक्रियेच्या खर्चातच एका संसाराची डागडुजी होण्याची शक्यता निर्माण होते. मद्यावरील कराच्या उत्पन्नाचा अल्प अंश यासाठी राखून ठेवणे कोणत्याही सरकारला जड जाऊ नये.

पण शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी कधी तरी शस्त्रक्रियेसाठी दाखल होणार आहे, त्या सर्वांना एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. वडील, काका, भाऊ वा आई रुग्णालयात दाखल होतील तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन, लाज न बाळगता, ते रोज काय घेतात आणि किती घेतात हे सांगावे, आणि ते कागदावर नोंदवले गेले की नाही हे पाहावे. घराची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन तिसऱ्या रात्री घरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ती अब्रू त्या जिवाहून मोठी नाही.